वैशाखातलं इंजिन

वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा बॉनेटखाली काय चाललंय हे कळायला एक वजाबाकी पुरते. इंजिनातलं पाणी ९५ अंशांवर खेळतंय असं धरा. बाहेरची हवा २५ अंशांची असेल तर दोघांत ७० अंशांचा उतार आहे. हवा ४५ अंशांची झाली की उतार उरतो ५० अंशांचा. हे पाणी गार करणारी पुढची जाळी, म्हणजे रेडिएटर, किती उष्णता बाहेर टाकेल हे जवळजवळ या उतारावरच ठरतं. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पाणी तेवढंच, आणि कुवत मात्र २९ टक्क्यांनी घटलेली. जानेवारीत बिनतक्रार पळणारी गाडी मे महिन्यात काटा वर नेते, त्यामागे नवा बिघाड असेलच असं नाही. बहुतेकदा दोष जुनाच असतो, थंडीने झाकून ठेवलेला.

त्यातही रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा वेधशाळेने सावलीत मोजलेली नसते. स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीपासून वीतभर वर. ते ओढून घेतं ती डांबराला घासून तापलेली, पुढच्या ट्रकच्या धुरात मिसळलेली हवा. तिच्या वाटेत रेडिएटरच्या आधी एसीचा कंडेन्सर उभा असतो. तो केबिनमधली उष्णता त्याच हवेत ओततो आणि मग ती रेडिएटरला मिळते.

पेट्रोल जाळून निघालेल्या ऊर्जेचे ढोबळ तीन वाटे होतात. एक चाकांकडे, एक सायलेन्सरमधून बाहेर, आणि एक पाणी, तेल व इंजिनाच्या अंगावाटे. ४०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात असताना पाण्यात उतरणारी उष्णता २०० किलोवॅटच्या आसपास जाते. बाथरूममधले २ किलोवॅटचे शंभर गीझर एकदम लावले तर जेवढी, तेवढी. पण ताशी १०० किलोमीटरने सपाट रस्त्यावर जायला याच गाडीला वीस-पंचवीस अश्वशक्ती पुरते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीची खरी परीक्षा वेगात होत नाही. ती होते टोलनाक्यावरच्या रांगेत, बोरघाटाच्या चढावर एसी लावून पुढच्या कंटेनरच्या मागे रखडताना, आणि ट्रॅकवर सलग वीस मिनिटं पाय दाबून ठेवल्यावर. या तिन्ही परीक्षा वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींत नापास होण्याची कारणंही वेगळी.

गाडी गरम होते म्हटलं की पहिला सल्ला येतो तो मोठा रेडिएटर बसवण्याचा. माझं मत याच्या उलट आहे. पाणी उष्णता फक्त वाहून आणतं. ती घेऊन जातो तो वारा. वाऱ्याची वाट नीट नसेल तर दुप्पट जाडीचा रेडिएटर घालून काही साधत नाही. उलट जाड गाभ्यातून हवा जाणं आणखी अवघड होतं.

वाऱ्याचा जोर किती असतो ते एकदा मोजून पाहावं. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा सगळा दाब मिळून पाण्याच्या जेमतेम ४५ मिलिमीटर उंचीइतका भरतो. एवढ्याशा जोरावर हवेने कंडेन्सर आणि रेडिएटरच्या दाट जाळीतून वाट काढायची आहे. बाजूला बोटभर फट दिसली तर ती जाळीतून कशाला जाईल? हेडलाइटच्या मागची पोकळी, रेडिएटरच्या वरची पट्टी, बंपर आणि चॅसीमधली जागा, सगळीकडून ती निसटते आणि गाभा कोरडाच राहतो. अपघातानंतर बंपर बदललेल्या गाड्यांत हे फार दिसतं. कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकच्या आडपट्ट्या आणि फोमचे तुकडे गॅरेजात ‘जास्तीचे’ ठरून कचऱ्यात गेलेले असतात.

तपासणी सोपी आहे. अंधारात एकाने ग्रिलसमोर प्रखर टॉर्च धरावा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून मागून पाहावं. जाळीच्या कडेने जिथून उजेड थेट येतो, तिथून हवाही जाते. फटी बुजवायला १० ते २० मिलिमीटर जाडीचा, पाणी न पिणारा फोम आणि मोठ्या जागांसाठी १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पुरतो. वाट अशी बंदिस्त केली की पुढचं तोंड रेडिएटरच्या क्षेत्रफळाच्या एक तृतीयांश असलं तरी चालतं. वाट उघडी असेल तर अख्खं ग्रिल मोकळं ठेवूनही भागत नाही.

आत आलेल्या हवेला बाहेर पडायलाही जागा हवी, हे बरेचजण विसरतात. बॉनेटखाली दाब साचला की जाळीपुढचा आणि मागचा फरक संपतो आणि हवा ग्रिलपाशीच थबकते. इथे एक चूक वारंवार होते. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून ते काचेकडच्या बाजूने दीड-दोन सेंटिमीटर उचलायचं, म्हणजे ‘गरम हवा निघून जाईल’. गाडी उभी असताना निघतेही. पण वेगात पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा आदळून दाब वाढलेला असतो, त्यामुळे त्या फटीतून बाहेरची हवा उलट आत शिरते आणि रेडिएटरमागचा दाब आणखी चढतो. झडपा पाडायच्याच असतील तर रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात पाडाव्यात. तिथे वरून सरकणारी हवा ओढ लावते. खात्री करायला इंग्रजी ‘यू’च्या आकारात वाकवलेली पारदर्शक नळी घ्या, तिच्यात रंगीत पाणी भरा, एक टोक रेडिएटरच्या पुढे आणि दुसरं मागे न्या, आणि शेजारी बसलेल्याला ताशी ८० किलोमीटरला पातळी वाचू द्या. फरक जितका जास्त, तितकी वाट चांगली. फोमचा एक तुकडा लावल्यावर तो फरक वाढलेला पाहणं यासारखं समाधान नाही.

गाडीच्या पोटाखालचा प्लास्टिकचा पत्राही याच हिशेबात येतो. स्पीडब्रेकरला घासून तो फाटतो, मग कुणीतरी तो काढून टाकतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात हायवेवर काटा चढू लागतो. शेवरोले कॉर्व्हेटची १९८४ सालापासूनची चौथी पिढी याचं उत्तम उदाहरण. तिचं नाक इतकं खाली उतरतं की समोरून हवा घ्यायला जागाच नाही; ती खालून हवा घेते. नाकाखाली लटकणारी काळी पट्टी वाऱ्याला वर वळवते. ती तुटली तर गाडी गावात ठीक चालते आणि हायवेवर गरम होते. शिवाय खालून हवा ओढणारी असल्याने रस्त्यावरचा पालापाचोळा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या सांदीत जाऊन बसतो, जिथे बाहेरून काहीच दिसत नाही.

हा कचरा आपल्याकडेही आहे. एप्रिल-मे महिन्यांत सावरीची बोंडं फुटून कापूस उडतो, तो जाळीवर पातळ लोकरीसारखा बसतो. त्यावर धूळ, किडे आणि पहिल्या वळिवाचा चिखल. ज्या पोर्शांमध्ये रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात, म्हणजे १९९६ नंतरची बॉक्स्टर आणि पाण्याने थंड होणारी ९११, त्यांत सुकलेली पानं मूठमूठ निघतात. ओली पानं कुजून ॲल्युमिनियम खातात, ते वेगळंच. उन्हाळा लागण्याआधी बंपर उतरवून कंडेन्सर थोडा पुढे घ्यावा आणि साध्या नळाच्या दाबाने, मागून पुढे, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेने धुवावं. सर्व्हिस सेंटरमधला जोरदार प्रेशर पाइप जवळून मारला की जाळीचे पापडासारखे पातळ पत्रे, म्हणजे फिन्स, आडवे पडतात आणि साफ केलेला रेडिएटर आधीपेक्षा जास्त बंद होतो.

आता दोष ओळखण्याची एक खूण. गाडी फक्त संथ रहदारीत गरम होत असेल आणि वेग घेताच काटा खाली येत असेल, तर पंख्याकडे पाहा. रहदारीत ठीक आणि वेगात किंवा चढावर गरम होत असेल, तर पंखा निर्दोष आहे. तेव्हा आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, हवेची वाट, किंवा रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा खालचा होज, म्हणजे रबरी नळी, तपासा. तो होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. जुना आणि मऊ झाला की इंजिनाच्या मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांना आतल्या आत चपटा होतो, आणि गाडी उभी केली की पुन्हा गोल. म्हणून काही गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली असेल तर नवा होज घेणं उत्तम.

पंखा फिरतो म्हणजे काम करतो असं धरू नये. इंजिन चालू असताना मल्टिमीटर थेट पंख्याच्या मोटरच्या टोकांना लावा. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना तिथे १२ च्याही खाली मिळत असतील तर रिले, अर्थिंग किंवा वायरची जाडी कमी पडतेय. वेग थोडा घटला की हवा घटतेच, पण मोटरचं काम घनाच्या हिशेबाने उतरतं. मोटर बदलताना वायर उलट्या जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो, दिसायला काहीच वावगं नसतं, आणि गाडी पहिल्या सिग्नललाच तापते. ग्रिलपुढे वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. पंख्याभोवतीचं आवरण, ज्याला मेकॅनिक काउल म्हणतात, ते काढून नुसता पंखा बसवला तर पात्यांसमोरच्या गोल भागातूनच हवा ओढली जाते आणि कोपरे वाया जातात.

पाण्याकडे वळण्याआधी रेडिएटरच्या झाकणाबद्दल बोललं पाहिजे, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग तोच. त्याच्यावर १.१ किंवा १.३ असा आकडा असतो. बार हे दाबाचं माप; बाहेरच्या दाबापेक्षा एवढे बार जास्त दाब झाकण आत धरून ठेवतं. निम्मं कूलंट (पाण्यात मिसळायचा रंगीत द्रव) आणि निम्मं पाणी उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं; १ बार दाबाखाली तेच १२८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं झाकण दाब सोडून देतं आणि इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, सर्वांत तप्त कोपऱ्यात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, वाफेचे बुडबुडे धरू लागतात. जिथे वाफ असते तिथे धातूला पाणी लागत नाही आणि तो भाग आणखी तापतो. काट्यावर हे शेवटी दिसतं. दोन-तीन वर्षांनी झाकण बदलावं, आणि त्याच आकड्याचं घ्यावं. जास्त दाबाचं झाकण लावणं म्हणजे जुन्या प्लास्टिकच्या टाकीला फुटायचं आमंत्रण.

कूलंटच्या रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, रसायनाची हमी नाहीत. विसंगत जाती मिसळल्या तर गाळ धरू शकतो, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला दर्जाच पाहावा. प्रमाणाचा विचार मात्र आपल्या हवेत वेगळा करता येतो. निम्मं-निम्मं हे प्रमाण बर्फाळ देशांसाठी आहे. कूलंटमधला ग्लायकॉल उष्णता पाण्यापेक्षा कमी उचलतो. कोकणात किंवा मराठवाड्यात पाणी गोठणार नाही, तेव्हा ३५ ते ४० टक्के कूलंट गंज रोखायला पुरतं आणि बाकीचं पाणी उष्णता जास्त वाहतं. ते पाणी बॅटरीत घालतात तसं डिस्टिल्ड असावं. बोअरचं पाणी घातलं तर चहाच्या पातेल्यात धरतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या दीड-दोन मिलिमीटरच्या नळ्यांत धरतो.

गळती थांबवायला हळद टाकण्याचा उपाय आपल्या हायवेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. हळद फुगते, भोकात अडकते, गाडी घरी पोचते. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरच्या रुंद नळ्यांना ते सोसत असे, आणि नंतर रेडिएटरवाला टाकी उघडून सळई फिरवून नळ्या मोकळ्या करत असे. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि चिमटून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या यांत ती सोय नाही. तिथे हळद हीटरच्या जाळीतही जाऊन बसते.

इंजिन मागे किंवा मध्ये आणि रेडिएटर पुढे, अशा गाड्यांत पाण्याला गाडीच्या लांबीइतका प्रवास करून जावं लागतं आणि तेवढंच परत यावं लागतं. फेरारीच्या ५१२ बीबीमध्ये हे तापलेले पाइप केबिनखालून जात आणि माणसं भाजून निघत. १९८४ च्या टेस्टारोसात रेडिएटर उचलून मागच्या चाकांपुढे दोन बाजूंना नेले; दारांवरच्या त्या लांब आडव्या पट्ट्या आणि जवळपास दोन मीटर रुंदीचं बूड यांचं मूळ तिथे आहे. सौंदर्य म्हणून ज्याचं पोस्टर भिंतीवर लावलं जातं ती मुळात पाण्याच्या पाइपांची सोय होती, हे मला फार आवडतं.

पाइप लांब असले की एअर धरण्याचा धोका मोठा. एक होज बदलून वरून कूलंट ओतलं, टाकी भरली, काम झालं असं वाटतं. पण एखाद्या वळणात हवेचा फुगा अडकलेला असतो. पंप हवेला ढकलू शकत नाही आणि प्रवाह थांबतो. म्हणून आधी पुस्तिकेतली क्षमता वाचा आणि ओतलेलं मोजा. एकूण १० लिटर मावतात, सगळं पाणी काढलं असं वाटलं, आणि आत फक्त ८ लिटर गेले, तर २ लिटर जुनं पाणी तरी आत आहे नाहीतर हवा. सपाट जागी, भरण्याचं तोंड सर्वांत उंच येईल अशी गाडी उचला. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह असेल तर उघडेल. पाइपांवरचे एअर काढायचे स्क्रू खालून वर या क्रमाने सैल करा, आणि बुडबुडे संपून अखंड धार आली की बंद करा. मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, उघडेपर्यंत थांबा. रेडिएटरचा दुसरा होज एकदम गरम लागला म्हणजे तो उघडला. दोनदा पंखा लागून बंद होऊ द्या. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. बहुतेकदा अर्धा लिटर कमी झालेलं असतं. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्यांनी व्हॅक्युमने भरण्याचं साधन वापरावं. आधी हवा ओढून घ्यायची, काटा पाच मिनिटं जागचा हलला नाही तर गळती नाही, आणि मग कूलंट आपोआप आत खेचलं जातं.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवयही मोडायला हवी. ‘उन्हाळ्यात काय गरज?’ असं म्हणून तो काढतात. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालची चकती गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करते. तो नसेल तर ती वाट कायम उघडी राहते, आणि तापलेलं पाणी रेडिएटरकडे न जाता थेट पंपात परततं. सपाटीवर इंजिन थंड राहून पेट्रोल पितं आणि चढावर जास्तच तापतं. थर्मोस्टॅट कुठे आहे यालाही अर्थ असतो. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ चं इंजिन मूळचं आडवं बसणारं. त्यात पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघायचं. उभं बसवताना मागे केबिनची भिंत आड आली, म्हणून निघण्याची वाट पुढे, पाणी शिरतं त्याच बाजूला आणली. मागे उरली ती हीटरची बारीक वाट. त्यामुळे मागचे दोन सिलिंडर जास्त तापतात, आणि काटा पुढच्या टोकाचं तापमान दाखवत राहतो. टर्बो (जास्त ताकदीसाठी इंजिनात हवा कोंबणारं यंत्र) लावणारे म्हणून आधी थर्मोस्टॅट मागे हलवतात. सावकाश चालवणाऱ्याला त्याची गरज नाही.

काट्याबद्दल आणखी एक. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मंद केलेला असतो. ८० अंशांपासून १०५ पर्यंत मध्यावर स्थिर, आणि मग एकदम लाल. गाडीच्या संगणकाला जोडायचं स्वस्तातलं ओबीडी यंत्र खरा आकडा देतं. आणि पाणी गळून गेलं असेल तर सेन्सरला पाणीच लागत नाही, त्यामुळे काटा चक्क खाली येतो. चढावर अचानक खाली आलेला काटा ही धोक्याची खूण समजा.

तेल पाण्यापेक्षा उशिरा तापतं आणि उशिराच निवतं. ९० ते ११० अंश हे त्याचं सुखाचं घर. ट्रॅकवर १२० चालतं. १३५ च्या पुढे जोर कमी करून एक फेरी सावकाश घ्यावी. टर्बो असेल तर तिची टर्बाइन ९०० अंशांच्या वायूत फिरत असते. घाट चढून वर आल्याबरोबर किल्ली फिरवून बंद केलं की तेल आणि पाणी थांबतं, आणि त्या लोखंडातली उष्णता बेअरिंगमधलं तेल जाळून त्याचा कोळसा करते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, नंतर मिनिटभर तसंच चालू ठेवा.

घाटात काटा चढू लागलाच तर आधी एसी बंद. गिअर एक खाली, म्हणजे पंप आणि इंजिन मोकळं फिरतील. वरच्या गिअरमध्ये पाय दाबून रेटणं सर्वांत वाईट. खिडक्या उघडून हीटर पूर्ण लावा. तो एक छोटा रेडिएटरच आहे. त्रास होईल, पण पाच-सात अंश उतरू शकतात. थांबायची सुरक्षित जागा मिळाली, वाफ नाही आणि पाणी आहे, तर इंजिन लगेच बंद न करता जरा चढ्या आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत हलका रेस देऊन, पंख्यासह चालू ठेवा. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला तर क्षणही न दवडता बंद. ॲल्युमिनियमच्या हेडला केसाच्या जाडीइतका बाक आला तरी त्याच्याखालची गळती रोखणारी चकती, म्हणजे गॅस्केट, जाते. वरचा होज हातात धरवेपर्यंत, साधारण तासभर, झाकणाला हात लावू नका. थंडगार पाणी तापलेल्या इंजिनात ओतू नका, आणि वरूनही नको.

गाडी थांबल्यावर बॉनेटखालचं तापमान पहिली दहा मिनिटं वाढतच जातं, कारण वारा थांबलेला असतो आणि धातू अजून तापलेला. किल्ली काढल्यावरही पंखा किंवा विजेवर चालणारा छोटा पंप घुमत राहिला तर तो बिघाड समजून फ्यूज काढू नये. त्याला त्याचं काम संपवू द्यावं. बॉनेट बोटभर उघडं ठेवता आलं तर अधिक चांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, टाकीवरची रेघ पाहा. पाणी बोटभर खाली गेलं असेल तर होजच्या जोडांवर वाळलेली पांढरी-गुलाबी पूड शोधा. ती नसेल तर केबिनमधल्या गालिच्याला हात लावून चिकट ओल आहे का, गोडसर वास येतो का ते पाहा. तेही नसेल, तर वर्कशॉपमध्ये इंजिन उघडू देण्याआधी निळ्या द्रवाची चाचणी मागून घ्या. टाकीतली हवा त्या द्रवातून ओढली आणि तो पिवळा पडला, तर जळालेला वायू पाण्यात येतोय.